जिन्याच्या दाराला स्मार्ट लॉक : सोय नक्की कुणाची?
(वेगवेगळ्या सोसायट्यांतल्या लोकांची चर्चा, प्रत्येकाच्या बोलण्याआधी त्याचं टोपणनाव)

तळमजला
आमची डोंबिवलीची सोळा बिऱ्हाडांची बिल्डिंग. चार मजले, लिफ्ट नाही, वॉचमन परवडत नाही. गेल्या पावसाळ्यात दोन सायकली गेल्या आणि जिन्याच्या दाराला स्मार्ट लॉक लावायचं ठरलं. मीटिंगमध्ये व्हेंडरने बोट टेकवलं, दार टक् करून उघडलं, सगळे खूश. मीसुद्धा हात वर केला होता, खोटं कशाला बोलू?

आता रोज सकाळी साडेसातचं दृश्य सांगतो. भांड्यांच्या मावशी येतात. घरोघरची भांडी घासून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. पदराला बोट पुसून लावतात, लाल दिवा. परत पुसतात, परत लाल. तिसऱ्यांदा चुकलं की यंत्र रुसतं, मिनिटभर कुणाचंच बोट घेत नाही. मग खालून हाक, "दादा, दार!" मी तळमजल्यावर राहतो ना! सोसायटीने मला बिनपगारी वॉचमन करून टाकलंय.

माझं म्हणणं एवढंच, की लॉक निवडताना आधी मावशींना उभं करा, मग मोबाइलवाल्या पोरांना. मावशींना जमलं तर सगळ्यांना जमेल.

जुडगा
याला लॉकचा दोष कसा म्हणता? मावशींना लॉकला टेकवायचं कार्ड द्या, विषय संपला. साध्या किल्लीचे दिवस विसरलात वाटतं. किल्लीवाल्याकडे पाच मिनिटांत डुप्लिकेट मिळते. भाडेकरू सोडून गेला की त्याने किती काढून ठेवल्यात कुणाला ठाऊक! कुलूप बदलायचं तर सोळा घरांना नव्या किल्ल्या. कार्ड हरवलं तर तेवढं एकच बंद करता येतं.

वायरवाला
कार्ड द्या, पण कुठलं ते बघून द्या. ही कार्डं रेडिओ लहरींवर बोलतात. 125 किलोहर्ट्झचं साधं कार्ड फक्त आपला नंबर ओरडून सांगतं. त्याची नक्कल किल्लीइतकीच सोपी. 13.56 मेगाहर्ट्झमधलं एन्क्रिप्शनवालं, म्हणजे लॉकशी गुप्त भाषेत बोलणारं घ्या, आणि सगळ्याच 13.56 मध्ये ते चांगलं असतं असं नाही, हेही विचारून घ्या.

आणि एक प्रश्न. तुमचं लॉक चुंबकाचं आहे का, म्हणजे विजेच्या चुंबकाने दार धरून ठेवणारं? असेल तर वीज आणि बॅटरी दोन्ही संपली की दार सताड उघडं. खटक्याचं असेल तर काही प्रकार उलटे, वीज गेली की बाहेरून बंदच. काहीही असो, आतून बाहेर पडताना किल्ली, कार्ड, बोट काही लागता कामा नये. नॅशनल बिल्डिंग कोड 2016 मध्ये बाहेर पडायच्या दारांबाबत ही अट आहे. चुंबकाला आतलं बटण थेट वीज तोडणारं हवं. बटण आधी सॉफ्टवेअरला विचारत बसलं आणि सॉफ्टवेअर अडकलं, तर जिन्यात धूर असताना काय करणार?

तळमजला
चुंबकाचंच आहे. बटण आहे, पण मीटरच्या पेटीमागे. नवा पाहुणा असेल तर सापडेपर्यंत दाराला धक्के मारतो.

कायमचा भाडेकरू
तुम्ही सगळे दार उघडतं की नाही यावर भांडताय. मला ते लॉग छळतात, म्हणजे कोण कधी आलं याची लॉकने ठेवलेली नोंद. आमच्याकडे एका कमिटी मेंबरने जिन्यात थांबवून विचारलं, "काल दीड वाजता आलात, सगळं ठीक ना?" काळजीने विचारलं असेल, पण मी किती वाजता येतो ते यांनी का बघावं?

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या अटलांटिक प्लाझा टॉवर्समधल्या भाडेकरूंनी चेहरा ओळखणाऱ्या दाराला विरोध केला आणि 2019 मध्ये मालकाला तो बेत सोडावा लागला. 2021 मध्ये तिथल्या शहराने कायदाच केला. ये-जा केल्याची नोंद साधारणपणे 90 दिवसांत पुसायची. आपल्याकडे 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा आहे, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्याचं नाव काढलं की लोक चहा मागवतात.

माजी सेक्रेटरी
साहेब, स्कूटर चोरीला गेली की हेच भाडेकरू आधी लॉग मागायला येतात. मी नऊ वर्षं फुकट राबलोय, मला विचारा. लॉग हवाच. तीस दिवस ठेवा, दोन पदाधिकाऱ्यांनी मिळूनच उघडायचा, उघडला की वहीत कारण लिहायचं. पण नोंदच नको म्हणाल तर मग लॉकवर खर्च कशाला? कडी लावा.

कायमचा भाडेकरू
वहीत कारण लिहायची अट मान्य. ती वही भाडेकरूंनाही बघता आली पाहिजे.

माजी सेक्रेटरी
सभासदांना दाखवू.

कायमचा भाडेकरू
झालं! परत तिथेच आलो.

चौथा मजला
आमच्या सोसायटीत लॉकला आकड्यांचा कीपॅड आहे. पेपरवाला, दूधवाला, कुरिअर, सगळ्यांना एकच कोड. दोन वर्षांत 2, 5 आणि 8 एवढीच बटणं पुसट झालीत. चार आकडी कोड, त्यात तीनच अंक, म्हणजे एक अंक दोनदा, जेमतेम 36 शक्यता. चोराला दुपारच्या झोपेच्या वेळात पुरेल.

जुडगा
मग प्रत्येकाला वेगळा कोड द्या, वेळ बांधून. दूधवाल्याचा पहाटे पाच ते सात. हेच तर साध्या किल्लीला जमत नाही.

तळमजला
हे पटलं. मावशींची कार्डं या आठवड्यात येतायत, बटण पेटीच्या पुढे घेतोय. वायरवाल्यांच्या धाकाने बाहेरून उघडणारं एक पितळी किल्लीचं कुलूपही बसवायचं ठरलं, यंत्र मेलंच तर असावं म्हणून. काल मीटिंग फक्त एका मुद्द्यावर अडली, ती किल्ली ठेवायची कुणाकडे. सगळे माझ्याकडे बघत होते.