बी-३०४ मधील विद्यार्थिनीची ओळख आणि रंगकामापूर्वीची एक विनंती

बी-३०४, विद्यार्थिनी: सर्व सभासदांना सादर नमस्कार. मी या महिन्यापासून आत्याकडे राहायला आले आहे. सचिव काकांनी ग्रुपवर स्वतःची ओळख करून द्यायला सांगितले, म्हणून लिहिते. मी शिवाजी विद्यापीठात भूगोल विषयात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे. माझे गाव शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठी आहे. आमच्याकडे नदी किती चढली हे नृसिंहवाडीच्या दत्तमंदिरावरून सांगतात. उत्तरेच्या दारातून आत शिरलेले पाणी पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दारातून बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळा झाला असे म्हणतात आणि स्नानासाठी भाविकांची रीघ लागते. कोल्हापुरात मात्र पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी फूट-इंचांत लहान मुलांच्याही तोंडी असते. पाणी मोजण्याच्या या दोन रीतींमुळेच मला या विषयाची गोडी लागली. पंचगंगेचा पूर कुठपर्यंत येतो आणि उतरायला इतके दिवस का लावतो, हा माझा अभ्यास आहे आणि आवडही तीच आहे.

अध्यक्ष, ए-१०१: सोसायटीत तुमचे मनापासून स्वागत आहे. नदी आपल्यापासून बरीच लांब असूनही पार्किंगमध्ये पाणी कसे येते, हे नव्या रहिवाशांना समजावून सांगताना आमची दरवेळी अडचण होते. तुम्ही ते सोप्या शब्दांत लिहिलेत तर बरे होईल.

बी-३०४, विद्यार्थिनी: अवश्य, काका. आपल्याकडे पाणी नदीतून थेट येत नाही, जयंती नाल्यातून येते. एरवी नाला शहरातले पाणी पंचगंगेत नेऊन सोडतो, पण नदीची पातळी नाल्याच्या मुखाच्या वर गेली की ते पाणी पुढे जाऊ शकत नाही, आणि नदीचेच पाणी नाल्यातून उलटे शहरात शिरते. म्हणून आपल्याकडे पाऊस थांबलेला असतानाही पाणी चढताना दिसते. राधानगरी, गगनबावड्याकडे पडलेला पाऊस भोगावती, कुंभी, कासारी, तुळशी या नद्यांतून प्रयाग चिखलीच्या संगमाकडे येतो आणि तिथून पंचगंगा म्हणून पुढे वाहतो. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. जलाशय भरला की ते आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की आपोआप मिटतात. प्रत्येक दरवाजातून १४२८ क्युसेक (सेकंदाला तेवढे घनफूट) पाणी सुटते, म्हणजे एकच दरवाजा दिवसभर उघडा राहिला तर सुमारे ०.१२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी खाली येते. पुढे नदीला उतार फार कमी, वळणे पुष्कळ, आणि नृसिंहवाडीला, जिथे ती कृष्णेला मिळते, तिथे कृष्णा आधीच फुगलेली असली तर पंचगंगेला वाट मिळत नाही. पूर उतरायला वेळ लागतो तो त्यामुळे.

ए-१०२: मुली, फार चांगले समजावलेस. राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले, हे माझे वडील मोठ्या अभिमानाने सांगत असत. आमच्या लहानपणी आकडे कोणी विचारत नसे. शिवाजी पुलाची मच्छिंद्री झाली का, म्हणजे पाणी पुलाच्या ठरलेल्या खुणेपर्यंत चढले का, एवढेच विचारायचे. मी १९८९ आणि २००५ चे पूर पाहिले आहेत, पण २०१९ इतके पाणी कधी पाहिले नाही.

बी-२०१: आजोबा, आपल्या इमारतीत २०२१ सालचे पाणी जास्त होते असे मला पक्के आठवते. दोन्ही वेळा आम्ही मुलांना घेऊन माहेरी गेलो होतो. परत आल्यावर जिन्याच्या कोणत्या पायरीपर्यंत गाळ होता, हे मी स्वतः खरवडून काढल्यामुळे विसरणे शक्य नाही.

बी-३०४, विद्यार्थिनी: काकू, आजोबा, नेमके याचसाठी मला एक विनंती करायची आहे. सोमवारपासून इमारतीचे रंगकाम सुरू होणार असल्याचे फलकावर वाचले. मोटारीच्या खोलीत, स्विचच्या पेटीमागच्या भिंतीवर दोन रेघा अजून स्पष्ट दिसतात. खालची रुंद आणि तांबूस आहे, बोट फिरवले तर वाळलेला गाळ हाताला लागतो; तिच्या साधारण वीतभर वर दुसरी अगदी फिकट रेघ आहे. पाणी जिथे सर्वांत जास्त वेळ थांबते तिथे ठळक खूण उमटते. सर्वांत उंच पातळी मात्र थोडा वेळच टिकते आणि पुसटशी खूण ठेवून जाते. त्यामुळे ठळक रेघेलाच कमाल पातळी समजले तर अंदाज चुकतो. या दोन रेघा एकाच पुराच्या आहेत की दोन निरनिराळ्या पुरांच्या, हे मला अजून सांगता येत नाही, पण रंग लागला की ते शोधण्याचा मार्गच बंद होईल. त्याआधी मला त्यांची उंची मोजू द्यावी. गवंड्यांकडे असते तशी पाणी भरलेली पारदर्शक नळी घेऊन ती पातळी फाटकापर्यंत आणि जिन्यापर्यंत नेता येईल, म्हणजे काकूंची पायरीही ताडून पाहता येईल.

ए-४०३: आपल्या अभ्यासाबद्दल आदर आहे, पण मी फ्लॅट विकायला काढला आहे. पुराची खूण मोजून फाटकावर लावली तर येणारा खरेदीदार आधी ती पाहील. सभासदांच्या आर्थिक हिताचाही विचार व्हावा.

बी-३०४, विद्यार्थिनी: काका, आपली काळजी मला समजते. फाटकावर काही लावावे असे माझे म्हणणे नाही. मात्र जलसंपदा विभागाने आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा कोणालाही पाहता येतात. निळी रेषा सरासरीने २५ वर्षांतून आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. याचा अर्थ पुढची १०० वर्षे निश्चिंत राहावे असा नाही, तर तेवढ्या पुराची शक्यता दरवर्षी एक टक्का असते. खरी गरज इथे राहणाऱ्यांना आहे. बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी जाहीर होते, पण बंधाऱ्यावर किती फूट झाले की आपल्या फाटकात पाणी येते, हे आपल्यापैकी कोणाकडेही लिहिलेले नाही. ते कळले तर गाड्या कधी हलवायच्या आणि विजेचे मीटर किती उंच बसवायचे, हे पाणी दारात येण्यापूर्वी ठरवता येईल.

बी-२०१: मीटर वर घेण्याचा विषय तीन सभांमध्ये निघाला आणि उंचीवरच अडला. या मोजणीमुळे तो मार्गी लागणार असेल तर माझा पूर्ण पाठिंबा आहे.

ए-४०३: फाटकावर खूण होणार नसेल आणि नोंद सोसायटीच्या दप्तरात राहणार असेल, तर माझी हरकत नाही.

सचिव, ए-३०२: तर असे ठरवू या. मोटारीच्या खोलीतील ती भिंत रंगाऱ्याला शेवटी घ्यायला सांगतो. रविवारी सकाळी नऊ वाजता मोजणी करू. लेव्हलची नळी ठेकेदाराकडून मागवतो आणि खोलीची किल्ली वॉचमनकडे ठेवतो. ज्यांच्याकडे २०१९ किंवा २०२१ च्या पुराचे, तारीख आणि वेळ असलेले फोटो आहेत, त्यांनी ते बी-३०४ मध्ये पाठवावेत. त्या वेळची बंधाऱ्याची पातळी जुन्या वर्तमानपत्रांतून मिळू शकेल.

ए-१०२: मी येतो. माझ्यासाठी खाली एक खुर्ची ठेवा.