मदत हवी आहे: वेबसाइटला 'एफ' ग्रेड आलीय, होस्टिंग बदलू का?

पावशा: मामाच्या होमस्टेची साइट मीच बनवून दिलीय, दापोलीजवळ. परवा एक पर्यावरणवाले पाहुणे राहून गेले, त्यांनी ती 'वेबसाइट कार्बन कॅल्क्युलेटर'वर (पान उघडताना किती कार्बन सुटतो याचा अंदाज देणारी साइट) टाकली आणि एफ आला, म्हणजे सगळ्यात खालची ग्रेड, आता मामा रोज फोन करतोय की बोर्डावर 'निसर्गाच्या कुशीत' लिहिलंय आणि साइट धूर सोडते म्हणतात. ग्रीन होस्टिंग (अक्षय ऊर्जेवरचे सर्व्हर) कुठलं घेऊ? शनिवारपर्यंत करायचंय.

बिनचूक: पान किती एमबीचं? साइट वर्डप्रेसवर बनवलीय का? काहीच सांगत नाही, आम्ही काय देवाला कौल लावायचा?

निशाचर: डार्क मोड टाका, मी टाकलाय, बॅटरी मस्त टिकते.

बिनचूक: ओलेड स्क्रीन असेल तरच, तिथे काळा ठिपका विझलेलाच असतो. एलसीडीत मागचा दिवा जळतोच, काळं काय नि पांढरं काय.

जुनंखोड: हाताने एचटीएमएल लिहा हो. ते लो-टेक मॅगझिन बघा, २०१८ पासून बार्सिलोनात सोलरवर चालवतात, फोटो मुद्दाम दाणेदार करून हलके केलेत, ढग आले की साइट बंद.

निशाचर: कोकणात लावलं तर जूनमध्ये बंद पडेल ती दसऱ्याला उघडेल 😂

पावशा: वर्डप्रेसच, विकतची थीम (तयार डिझाइन). एमबी कुठे बघतात?

बिनचूक: क्रोममध्ये एफ१२, नेटवर्क, 'डिसेबल कॅशे'वर टिक, रिलोड. खाली आकडा येतो.

आमराई: मामा हापूस कुरिअर करतात का?

पावशा: बापरे ४३ एमबी! ड्रोनचा व्हिडिओ एकटाच ३१, आपोआप सुरू होतो. अंगणाचा फोटो मोबाइलवरचा तसाच चढवलेला, ४००० पिक्सेल रुंद, ५ एमबी.

बिनचूक: मग होस्टिंग बदलून काय उपयोग, त्याने फक्त सर्व्हरच्या वाट्याचा हिशोब सुधारतो, बाकीचं ओझं नेटवर्कवर आणि पाहुण्याच्या फोनवर तसंच राहतं. फोटो १२०० पिक्सेलला आणून वेबपी (हलका फोटो फॉरमॅट) करा, खालच्यांना लेझी लोडिंग (स्क्रोल करून जवळ गेल्यावरच उतरतात), पहिल्याला नको, नाहीतर तोच उशिरा दिसतो. मराठी फॉन्टची किती वजनं (जाड-बारीक प्रकार) लोड होतायत तेही बघा, जोडाक्षरांमुळे देवनागरी फाइल जड असते, दोन पुरे.

गूगलगुरू: मॅपवर रिव्ह्यू वाढवा, पहिल्या पानावर याल.

जुनंखोड: कुणी विचारलंय??

पावशा: अंगणाचा फोटो ५ एमबीवरून १७० केबी झाला, तुळस तेवढीच स्वच्छ दिसते! फॉन्टची सहा वजनं होती, चार उडवली. पण मामा व्हिडिओला हात लावू देत नाही, ड्रोनवाल्याला आठ हजार मोजलेत म्हणतो.

बिनचूक: काढू नका. ऑटोप्ले बंद, प्रीलोड नन (म्हणजे आधीच उतरवायचा नाही), वर एक फोटो आणि प्लेचं बटण. दाबेल त्यालाच उतरेल.

पावशा: तेच सांगितलं, तर म्हणतो पाहुण्यांना दाबायचं कळणार नाही. बरं, थीममध्ये ऑटोप्लेचं सेटिंग सापडत नाहीये, कुठे असतं?

बिनचूक: कुठली थीम ते सांगाल का आता तरी?

आमराई: हापूसचं राहिलंच.