‘परराष्ट्र सचिव लॉर्ड होम’: यात चुकलं काय?

प्रश्न : एका अनुवादात वाचलं, ‘परराष्ट्र सचिव लॉर्ड होम १९६३ साली पंतप्रधान झाले.’ सचिव एकदम पंतप्रधान? पुढच्या पानावर तोच माणूस ‘सर अ‍ॅलेक’. मला आधी दोन माणसं वाटली.

प्रतिसाद : माणूस एकच, अ‍ॅलेक डग्लस-ह्यूम. स्पेलिंगवरून ‘होम’ वाटतं, पण उच्चार ‘ह्यूम’. दिल्लीतला परराष्ट्र सचिव हा सनदी अधिकारी, त्याच्या डोक्यावर मंत्री. लंडनमध्ये ‘सेक्रेटरी’ म्हणजे खुद्द मंत्रीच. तेव्हा ‘परराष्ट्रमंत्री’ लिहा.

प्रतिसाद : अष्टप्रधानांतला सचिव मंत्रीच होता की! पण त्याच्याकडे दफ्तर. परराज्यांचं काम सुमंताचं, म्हणजे डबीराचं. घ्या, ‘सुमंत ह्यूम’. (गंमत हो, छापू नका.)

प्रतिसाद : ‘लॉर्ड’चा घोळ सचिवाहून मोठा आहे. हे १९०३ साली जन्मले, अर्लचे (वंशपरंपरेने चालणाऱ्या ब्रिटिश सरदारकीचे धनी) थोरले चिरंजीव. वडील हयात असताना ‘लॉर्ड डनग्लास’ म्हणवत, पण ते नुसतं मानाचं नाव. म्हणून तर १९३१ साली ते लोकांतून कॉमन्समध्ये, म्हणजे खालच्या सभागृहात, निवडून आले. १९३८ मध्ये पंतप्रधान चेंबरलेनबरोबर हिटलरच्या भेटीला म्युनिकलाही गेले होते. १९५१ साली वडील वारले, हे चौदावे अर्ल झाले आणि कॉमन्सची जागा आपोआप गेली. १९६० मध्ये पंतप्रधान मॅकमिलननी परराष्ट्रखातं दिलं, तेव्हा मंत्री वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये, आणि खाली उत्तरं द्यायला एडवर्ड हीथ, असा कारभार.

१९६३ साली ते पंतप्रधान झाले, पण पंतप्रधान लॉर्ड्समध्ये बसून चालेना. त्याच वर्षी झालेल्या नव्या कायद्याचा आधार घेऊन त्यांनी ऑक्टोबर १९६३ मध्ये सरदारकीवर पाणी सोडलं. पोटनिवडणूक होईपर्यंत जवळपास दोन आठवडे पंतप्रधान कुठल्याच सभागृहात नव्हता! ‘सर’ मात्र आदल्या वर्षी मिळालेल्या वेगळ्या किताबाचं, म्हणून ते टिकलं.

प्रतिसाद : ‘पाणी सोडलं’ला माझी हरकत. दान देताना हातावरून पाणी सोडलं की वस्तू गेली, मुलाबाळांनाही परत मागता येत नाही. इथे किताब फक्त त्यांच्या हयातीपुरता बाजूला ठेवलेला. १९९५ मध्ये ते गेले आणि मुलगा पंधरावा अर्ल झाला. ‘किताब सोडला’ एवढंच पुरे. ‘पदवी’ही नको, लोकांना बी.ए. आठवतं.

प्रतिसाद : मान्य. ‘चौदावे अर्ल’ यातल्या आकड्यावरून विरोधी पक्षनेते हॅरॉल्ड विल्सन त्यांना चिडवत. त्यावर यांचं म्हणणं, तसं पाहिलं तर विल्सनही चौदावे मिस्टर विल्सनच असतील. आपल्याकडचा ‘लाट’ याच ‘लॉर्ड’वरून आलेला. ‘मोठा लाटसाहेब लागून गेलास’ म्हणतो ना, तो. पण चरित्रात ‘लाट’ लिहिलं तर वाचक समुद्रावर जाईल.

प्रश्नकर्ता : मग वाक्य असं करतो : ‘परराष्ट्रमंत्री अर्ल ऑफ ह्यूम १९६३ साली पंतप्रधान झाले आणि काही दिवसांतच किताब सोडून सर अ‍ॅलेक डग्लस-ह्यूम या नावाने वावरू लागले.’ १९७० ते १९७४ ते पुन्हा परराष्ट्रमंत्री होते, तिथे ‘सर’ ठेवतो.

प्रतिसाद : ठेवा. फक्त १९७४च्या अखेरीपासून पुन्हा ‘लॉर्ड ह्यूम’ करा. तहहयात उमराव म्हणून ते परत लॉर्ड्समध्ये गेले.