मदत हवी आहे: २० गेज की २८ गेज?

घोडबंदरचा_पाहुणा
फेझंट पक्ष्याच्या शिकारीसाठी बंदूक घ्यायची आहे. सीझन ऑक्टोबरात सुरू होतो, त्याआधी हातात हवी. १२ गेज नको (गेजचा आकडा जितका लहान, तितकी नळी रुंद आणि बंदूक बहुधा जड), दिवसभर कमरेएवढ्या गवतातून चालायचं असतं, संध्याकाळपर्यंत खांदा उतरतो. २० घेऊ की २८? बजेट हजारपर्यंत. ज्यांनी वापरल्यात त्यांनीच सांगा, गूगल मलाही येतं.

येऊरकर
हजारात चांगली एअरगनसुद्धा येत नाही. आणि मारणार कुठे, शहापूरला की मुरबाडला? वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. तित्तर काय, लावा काय, मारलात की आत. संपादक, धागा उडवा.

घोडबंदरचा_पाहुणा
हजार डॉलर हो! राहतो साउथ डकोटात, सध्या आईबाबांकडे आलोय. फेझंट ठाण्यात कधी पाहिलेत?

येऊरकर
मोर फेझंटच्याच कुळातला. येऊरला सकाळी या, ऐकवतो. आणि तुमचा तो फेझंटही मूळचा चीनकडचा. तिकडे नेऊन सोडला आणि वर राज्यपक्षी केला. राज्यपक्ष्यालाच गोळ्या घालतात, धन्य आहे.

नेरूळ_रिटर्न
कॅन्ससमध्ये बरीच वर्षं काढली, म्हणून बोलतो. २० घ्या, विषय संपला. २८ च्या नेहमीच्या काडतुसात पाऊण औंस छर्रा. २० मध्ये एक औंस सहज, तीन इंची चेंबर (नळीतली काडतुसाची जागा) असेल तर सव्वापर्यंत. कोंबडा चांगला किलोभराचा असतो, वर नोव्हेंबर सरला की शहाणा होतो आणि लांबूनच उठतो. शिवाय छोट्या गावातल्या दुकानात २८ ची काडतुसं मिळण्याची मारामार, मिळाली तर महाग. व्हिसा कुठला? एच-वन असेल तर हंटिंग लायसन्स आधी काढा, त्याशिवाय बंदूक हातात धरणंही गुन्हा.

घोडबंदरचा_पाहुणा
ग्रीन कार्ड आहे. बंदुकीचं बोला.

दुनाळीप्रेमी
नेरूळकर, तुम्ही बहुतेक कुत्र्याशिवाय फिरलात. कुत्रा आहे का, हा पहिला प्रश्न. पॉइंटर (पक्ष्याचा वास लागला की जागीच थांबून दाखवणारा कुत्रा) असेल तर पक्षी वीस-पंचवीस यार्डांत उठतो, तिथे पाऊण औंस भरपूर झाला. २८ ची मजा हलकेपणात आहे. फक्त एक बघा: काही कंपन्या २० च्याच सांगाड्यावर २८ ची नळी बसवतात. भोक लहान, म्हणजे लोखंड जास्त, ती बंदूक २० पेक्षाही जड भरते. दुकानात वजनकाटा मागा.

नेरूळ_रिटर्न
हलकी बंदूक धक्काही जोरात देते आणि पक्ष्यामागे फिरवताना मध्येच थांबते, ते नाही सांगितलंत. बरं पाहुणे, जमीन कुणाची? फेडरल वॉटरफाउल प्रॉडक्शन एरियात (पाणपक्ष्यांसाठी राखलेली सरकारी जमीन) शिसं चालत नाही, स्टील लागतं. स्टील हलकं, त्यामुळे छर्रा आकाराने दोन नंबर मोठा घ्यावा लागतो. २८ च्या चिमुकल्या काडतुसात ते मावणार किती?

घोडबंदरचा_पाहुणा
मित्राचा लॅब्रडॉर आहे. जमीन अर्धी शेतकऱ्याची, अर्धी सरकारी. मित्राकडे १२ आहे, तोच म्हणतो २८ घे.

दुनाळीप्रेमी
लॅब म्हणजे पॉइंट नाही, सरळ उठवणार. तरीही २८.

आजोबांची_बारा_बोअर
हे २० आणि २८ पोरखेळ आहेत. बंदूक म्हणजे बारा बोअर, तुमची ती १२ गेज. राज्यवर्धन राठोड यांनी २००४ मध्ये अथेन्सला रौप्य मिळवलं ते बारा बोअरवरच. आमच्या घरी दुनाळी होती. आता शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीमुळे एका लायसन्सवर दोनच शस्त्रं, सगळी मजा गेली.

सानपाड्याची_काकू
अरे बाळांनो, पक्ष्यांना मारता कशाला? आमच्या बाल्कनीत कबुतरांनी उच्छाद मांडला होता. नायलॉनची जाळी लावून घेतली, आता एकही येत नाही.

नेरूळ_रिटर्न
काकू, नमस्कार.
पाहुणे, मित्राकडे १२ आहे म्हणता म्हणून हे नीट वाचा. २० घेतलीत तर तुमची काडतुसं त्याच्या खिशात चुकूनही जाता कामा नयेत. २० ची पिवळी असतात ती शोभेला नाही. २० चं काडतूस १२ च्या नळीत घातलं की मागे थांबत नाही, घसरत पुढे जाऊन अडकतं. चाप ओढला, काही झालं नाही, बंदूक उघडली तर मागची जागा रिकामी. माणसाला वाटतं भरायचीच राहिली. तो १२ चं घालतो आणि ओढतो. नळी फुटते ती बरोबर डाव्या हाताच्या पंजापाशी.

घोडबंदरचा_पाहुणा
माझ्या बाबतीत उजव्या. मी डावखुरा आहे.

दुनाळीप्रेमी
अहो, हे पहिल्या ओळीत नको का सांगायला!

नेरूळ_रिटर्न
मग गेज राहू द्या बाजूला. बहुतेक ऑटोमॅटिक आणि पंप (पुढची मूठ मागेपुढे ओढून भरायच्या) रिकामं काडतूस उजवीकडे फेकतात, म्हणजे तुमच्या तोंडासमोरून. वापरलेली ब्राउनिंग बीपीएस किंवा इथाका ३७ शोधा, दोन्ही खालून टाकतात. बीपीएसचा सेफ्टी खटकाही वर अंगठ्यापाशी आहे. इथाकाचा चापाजवळ असतो, तो डाव्या हातासाठी उलटा करून घ्यावा लागतो. २० मध्ये घ्या.

दुनाळीप्रेमी
किंवा दुनाळी, खटका वरच असतो. पण नव्या दुनाळीचा दस्ता बऱ्याचदा उजव्या खांद्याच्या माणसासाठी बाक दिलेला असतो. दुकानात डोळे मिटून खांद्याला लावा, मग उघडा. नळीवरची पट्टी सरळ डोळ्यासमोर आली तर ठीक. बाजूने दिसली तर ती बंदूक कितीही सुंदर असो, परत ठेवा. आणि तुमचा जोरकस डोळा, म्हणजे नेम धरताना जो पुढाकार घेतो तो, कुठला ते तपासलंय का?

घोडबंदरचा_पाहुणा
नाही. म्हणजे २० पंप, वापरलेली, खालून टाकणारी. दुनाळी हाताळून बघतो, पण हजारात बसेल असं वाटत नाही.

दुनाळीप्रेमी
२८ विचारलीत आणि पंप घेऊन चाललात. असो.

येऊरकर
धागा अजून उडाला नाही?

ऐरोली_सेक्टर_आठ
काकू, जाळीवाला स्क्वेअर फुटावर पैसे घेतो की बाल्कनीवर? आमच्याकडे एसीच्या मागे घरटं आहे, आत दोन पिल्लं. ती उडाल्याशिवाय लावता येणार नाही ना?