नुसत्या रूपावर भागलं नसतं
दुसऱ्या महायुद्धात फ्रान्ससाठी नाझी जर्मनीत हेरगिरी करणारी ज्यू तरुणी मार्थ कोन केवळ सोनेरी केस, निळे डोळे म्हणून जर्मन म्हणून खपून गेली, असं म्हणतात; ते मला पटत नाही. ती फ्रान्समधल्या, जर्मन सीमेजवळच्या मेट्झची, घरात आईवडील जर्मन बोलायचे. तिचं खरं शस्त्र ते. फ्रेंच सैन्यातल्या कर्नल फाबिएंनी तिला फोनपाशी बसवलं आणि वाचायला जर्मन पुस्तकंच आहेत म्हणून माफी मागितली. ती म्हणाली, मला जर्मन येतं की! तिथून ती हेरगिरीत आली.

एप्रिल १९४५, स्वित्झर्लंडची सीमा, तिथून जर्मनीत शिरायचं. झुडपात दबून ती दोन जर्मन पहारेकऱ्यांच्या येरझाऱ्या बघत राहिली, भीतीने पायच उचलेनात. मग उठली आणि 'हाइल हिटलर' म्हणत थेट समोर गेली. आपण नर्स, बेपत्ता झालेल्या होणाऱ्या नवऱ्याला, हान्सला शोधतोय, ही तिची बतावणी. तिच्या खऱ्या होणाऱ्या नवऱ्याला जर्मनांनी १९४३ मध्येच गोळ्या घातल्या होत्या.