रक्ताचा कॅन्सर, उपचार आणि नोकरी: तुमचे अनुभव लिहा

धंतोलीची:
परवा सीताबर्डी मेट्रो स्टेशनवर एक मुलगी दिसली. मे महिन्यात नागपुरात सगळेच दुपट्टा बांधून फिरतात, त्याचं काही नाही. पण हिच्या बाहीखालून पिक लाइनची, म्हणजे औषधासाठी दंडाच्या शिरेत ठेवलेल्या नळीची, पट्टी दिसत होती आणि खांद्याला लॅपटॉपची बॅग होती. ऑफिसलाच निघाली असणार. तेव्हापासून जुनं सगळं डोक्यात येऊन राहिलंय, म्हणून लिहिते.

मला २०१९ मध्ये एपीएल निघाला, एएमएल या झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कॅन्सरचाच एक प्रकार. हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, आणि सरळ आयसीयू. तो महिना सोडून देते. त्यानंतरचं कोणी सांगत नाही, ते सांगते.

पुढे आर्सेनिकचं सलाईन. आठवड्यातून पाच दिवस, चार आठवडे, मग चार आठवडे सुट्टी, असं चार वेळा. सकाळी डे-केअरला जायचं, रक्तातलं पोटॅशियम-मॅग्नेशियम आणि ईसीजी ठीक असला की दोन तास सलाईन. दुपार मोकळी, आणि दुपारच खायला उठायची. मी एका सीएंकडे जीएसटीचं काम करते. सर दवाखान्यात भेटायला आले तेव्हा 'आराम कर' म्हणाले नाहीत, 'तुला काय जमेल ते तू सांग' म्हणाले. मी सांगितलं, क्लायंट नको, फोन नको, रिटर्न तपासायला द्या. घरचे चिडले, जीव मोठा की थ्रीबी रिटर्न? पण महिन्याची २० तारीख, रिटर्न भरायची, आहे म्हणूनच मला त्या दिवसांत आज वार कोणता हे ठाऊक असायचं.

ज्यांनी काम चालू ठेवलं, ज्यांना सोडावं लागलं, ज्यांच्या घरी पेशंट आहे, सगळ्यांनी लिहा.

बुटीबोरी सेकंड शिफ्ट:
सीएमएल, हळू वाढणारा रक्ताचा कॅन्सर. इमॅटिनिब ४०० ची गोळी, रोज एक. लोकांना वाटते गोळीच तर आहे, त्याचं काय एवढं. रिकाम्या पोटी घेतली का उलटी. जेवणासोबत, मोठा ग्लासभर पाणी, आणि रोज एकाच वेळी. आता शिफ्ट दर आठवड्याला बदलली तर एकच वेळ कुठून आणू? पोटऱ्यांत गोळे येतात ते वेगळंच, मशीनपुढं उभं राहवत नाही. सकाळी डोळे सुजतात. एकदा सुपरवायझरला वाटलं पिऊन आला. डॉक्टरांची चिठ्ठी नेली, तेव्हा कुठं पक्की सेकंड शिफ्ट भेटली. घरून जेवून, गोळी घेऊनच निघतो. दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएल असते, आजार किती उरला ते बघायची रक्ताची तपासणी, त्या आठवड्यात माझ्याशी कोणी जास्त बोलत नाही घरी.

इतवारीची वहिनी:
आर्सेनिक म्हणजे सोमल ना? ते विष देतात का बाप्पा??

धंतोलीची:
हो वहिनी, तेच. चीनमध्ये हार्बिनच्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात वापरून पाहिलं. सोबत 'अ' जीवनसत्त्वापासून बनवलेल्या ट्रेटिनॉइनच्या गोळ्या असतात. सुरुवातीला पांढऱ्या पेशी फार वाढलेल्या नसतील तर बहुतेकांना नेहमीची केमो लागतच नाही. केस गेले नाहीत माझे. त्यामुळे लोकांचा विश्वासच बसायचा नाही की ही आजारी आहे.

इतवारीची वहिनी:
माझे गेले होते आणि परत आले ते कुरळे. आयुष्यभर सरळ होते. नवरा म्हणतो पार्लरचा खर्च वाचला 😄

भिवापूरचे गुरुजी:
झेडपी शाळेत आहे. एएलएल, हाही झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. याचे उपचार लांब चालतात, आधीची जोराची केमो आणि मग मेंटेनन्स, म्हणजे आजार परत येऊ नये म्हणूनची हलकी केमो, धरून अडीच वर्षांच्या आसपास. विन्क्रिस्टिन या केमोच्या औषधाने बोटं बधिर. खडू हातात आहे की पडला हे बघितल्याशिवाय कळत नव्हतं. शर्टाची बटणं बायको लावून द्यायची. मेंटेनन्सला सिक्स-एमपीच्या रोजच्या गोळ्या आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. तेव्हा शाळेत परत गेलो.

भीती मुलांची नव्हती, मुलांच्या सर्दीतापाची होती. दुसरीत एका पोराला कांजण्या निघाल्या. हेडमास्तरांनी त्याच दिवशी फोन केला, "गुरुजी, येऊ नका, आधी डॉक्टरांना विचारा." तो फोन मी विसरत नाही. नंतर वर्ग न देता पोषण आहाराच्या नोंदी आणि यू-डायसचं, शाळेची माहिती ऑनलाइन भरायचं, काम दिलं. वर्ग नसलेला मास्तर म्हणजे काय हे ज्याचं त्याला माहीत. रोज मधल्या सुट्टीत व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचो. पोरं लांबून पाढे म्हणून दाखवायची. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना.

मानेवाडा रोड:
गुरुजी 🙏 वाचून कसंतरी झालं. माझी आई तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला होती. नंतर लिहिते, कुकर लावलाय.

बर्डीचा दुकानदार:
मी पेशंट नाही. कपड्याचं दुकान आहे. माझ्याकडे सहा-सात वर्षांपासून एक पोरगा आहे, हॉजकिन लिम्फोमा निघाला, लसिकाग्रंथींचा कॅन्सर. एबीव्हीडी नावाची केमो चालू, दर पंधरा दिवसांनी. तो म्हणतो शेठ मला येऊ द्या. बायको म्हणते घरी बसवा आणि पगार द्या. समोर लग्नसराई, गर्दी अशी की पाय ठेवायला जागा नाही. काय करावं?

धंतोलीची:
पगार चालू ठेवा आणि येऊही द्या, पण कधी यायचं ते त्याला ठरवू द्या. डोसनंतरचे दोन-चार दिवस मळमळ, थकवा. पुढे काउंट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा आकडा, खाली जातो, तेव्हा गर्दीत नको. काउंट कधी पडतो हे त्याचे डॉक्टर सांगतील. बाकी दिवस वरच्या गोडाऊनला, बिलिंगला, स्टॉकला बसवा. बसायला स्टूल द्या. आणि दुकानात थर्मामीटर ठेवा. १००.४ दाखवला की पॅरासिटामॉल देऊन वाट पाहायची नाही, रात्र असली तरी दवाखाना.

बर्डीचा दुकानदार:
थर्मामीटर आजच आणतो.

कूलर नाही एसी:
हे कोणी सांगत नाही म्हणून सांगून राहिलो. आमच्या डॉक्टरांनी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर बंद करायला लावला. ओलं गवत, त्यात बुरशी, आणि काउंट कमी. ४५ डिग्रीत कूलरशिवाय! ऑफिसात तर मोठा डक्ट कूलर. माझी खुर्ची उचलून दुसऱ्या खोलीत न्यावी लागली. खोदलेल्या रस्त्याची धूळ पण टाळा म्हणाले. नागपुरात कोणता रस्ता खोदलेला नाही ते सांगा.

इतवारीची वहिनी:
संत्री चालतात का? आमच्याकडे कोणी म्हणते नका देऊ, गोळीवर परिणाम होतो.

बुटीबोरी सेकंड शिफ्ट:
ग्रेपफ्रूट नको म्हणतात ताई इमॅटिनिबवर. आपली नागपुरी संत्री मला डॉक्टरांनी हाव म्हटलं. घरी धुऊन, स्वतः सोलून. गाड्यावरचा ज्यूस नाही.

काटोलकर:
संत्र्यांचाच विषय निघाला म्हणून. बाबांना मायलोमा, हाडांच्या मगजातला कॅन्सर. पाठ दुखते दुखते म्हणून मालिश चालू होती गावात, एमआरआयमध्ये मणका दबलेला निघाला. दर आठवड्याला बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, पोटाच्या कातडीखाली, त्यासाठी काटोल ते नागपूर. वजन उचलायचं नाही, वाकायचं नाही. आता बागवाल्या माणसाला हे कसं सांगणार. पहिला बहार आम्हीच तोडला, बाबा घरात, तोंड भिंतीकडे. दुसऱ्या बहाराला खाट बागेत टाकली. कॅरेट मोजणं, मजुरांचा हिशोब, कळमन्याच्या अडत्याशी फोन, सगळं खाटेवरून. अडत्याला त्या वर्षी जे सुनावलं ते आम्हाला जन्मात जमलं नसतं. भाव चांगला आला.

नाव नको:
माझं असं काही छान नाही. खाजगी कंपनी, आयटी पार्ककडे. लिम्फोमा. तीन केमो झाल्यावर बोलावून घेतलं, म्हणाले तुमच्या भल्यासाठीच, राजीनामा द्या, बरं वाटलं की परत घेऊ. दिला. बरी झाल्यावर फोन उचलला नाही कोणी. पीईटी स्कॅन स्वच्छ आहे, दीड वर्ष झालं. इंटरव्ह्यूत मधल्या गॅपबद्दल विचारतात तेव्हा घसा कोरडा पडतो.

बुटीबोरी सेकंड शिफ्ट:
ताई, ईएसआयसी, कामगार विमा, नव्हतं का तुम्हाला? पगार २१,००० पर्यंत असला तर असते. आजारपणात ९१ दिवस ७० टक्के. कॅन्सर त्यांच्या लांबच्या आजारांच्या यादीत आहे. सलग दोन वर्षं नोकरी आणि हप्ते नीट भरले असले तर पुढं ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत जाऊ शकते. आणि ईएसआयच्या जुन्या कायद्यात तर त्या रजेत कामावरून काढता येत नव्हतं, कलम ७३.

नाव नको:
पगार त्याच्या वर होता. त्यामुळे काहीच नाही.

धंतोलीची:
घसा कोरडा पडू देऊ नका. तुम्ही काही लपवत नाही आहात. एकच वाक्य ठेवा, "आजारी होते, उपचार पूर्ण झाले, डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आहे." कोणता आजार हे सांगायचं की नाही ते तुमच्या हातात. आणि टॅली येत असेल तर मला खरंच सांगा, आमच्याकडे जुलैत माणसं लागतात. अर्धवेळही चालतं.

नाव नको:
टॅली येते. 🙏 मेसेज करते.

भिवापूरचे गुरुजी:
कोणी टाटाला मुंबईला जाऊन येऊन काम करतं का? आमच्या केंद्रातले एक सर 'विदर्भ' एक्सप्रेसने जातात. रेल्वेत उपचाराला जाताना पेशंटला स्लीपर आणि थ्री एसीचं तिकीट माफ आहे, सोबत्याला ७५ टक्के सवलत, दवाखान्याचा फॉर्म लागतो. त्यांना माहीतच नव्हतं, पूर्ण पैसे भरत होते.

मानेवाडा रोड:
कुकर झाला. आईचं सांगते. धुणीभांडी करायची चार घरी. एका घरच्या काकूंनी काम बंद केलं नाही, फक्त भांडी बंद करून भाजी निवडायला बसवायच्या, पैसे तेवढेच. बाकी तीन घरांनी दुसरी बाई ठेवली. आई त्या काकूंकडे शेवटपर्यंत गेली. बस एवढंच.

काटोलकर:
काकूंना नमस्कार सांगा.

मानेवाडा रोड:
सांगते. गुरुवारी जातेच मी त्यांच्याकडे.

कूलर नाही एसी:
सोमवारीपेठेतल्या कामगार विमा दवाखान्यात हे लांबच्या आजाराचे कागद कोणाकडे द्यायचे, माहीत आहे का कोणाला? भावाचं करायचं आहे.

बुटीबोरी सेकंड शिफ्ट:
मी शनिवारी चाललो माझ्याच कामाला. भावाला पाठवा, सोबत फिरवतो. केमोचे सगळे कागद, बायोप्सीचा रिपोर्ट आणि ईएसआय कार्ड, झेरॉक्ससकट. डबा पण आणायला सांगा, वेळ लागते तिथं.