बोटीतून उतरलो, फिरलो, पण काहीतरी मनात राहून गेलं… तुमचेही अनुभव लिहा

रानजाई
काल लेकीच्या हॉस्टेलसाठी माळ्यावरची बॅग काढली, तर तळाशी प्लॅस्टिकच्या पिशवीत तो टेबलक्लॉथ. पांढरा, कडेला निळं भरतकाम. डिसेंबर २०१९ पासून घडी मोडलेली नाही.

इजिप्तमधली नाईलची क्रूझ, लक्सर ते अस्वान. एस्नाला नदीवर बांध आहे. जहाज लॉकमध्ये घेतात, पाणी भरून वर उचलतात, मग पुढे सोडतात. नंबर लागेपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्यात छोट्या होड्या येऊन जहाजाला चिकटतात. होडीतली माणसं उभ्याने तोल सांभाळत हाका मारतात आणि गलाबिया (तिकडचे लांब झगे), शाली, टेबलक्लॉथ पिशवीत घालून थेट वरच्या डेकवर भिरकावतात. पसंत पडलं तर पिशवीत पैसे घालून खाली टाकायचे, नाही तर वस्तू परत टाकायची. सगळा विश्वासावरचा व्यवहार.

संध्याकाळ होती. पाणी सोनेरी, काठाला खजुरी, मागे वाळूचे डोंगर. आम्ही वर चहा-केक खात बसलेलो. मी घासाघीस करून किंमत निम्म्यावर आणली. पाकीट केबिनमध्ये होतं. आणायला गेले, तर जिन्यात ग्रुपमधल्या काकू भेटल्या आणि मी बोलत उभी राहिले. वर आले तेव्हा जहाज लॉकमध्ये शिरलं होतं, मागचं दार लागलं होतं. होडी बाहेर. तो माणूस हात वर करून उभा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी एडफूला टांग्याने देवळात नेलं. घोड्याच्या बरगड्या मोजता येत होत्या, लगाम दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हातात. होरस देवाचं देऊळ दोन हजार वर्षांहून जुनं, छतासकट उभं आहे. मला त्यातलं धड काही आठवत नाही.

असं कुणाचं काही राहून गेलंय का?

लोकल_८_१२
एस्ना!! आमच्या वेळी एक पिशवी थेट स्विमिंग पूलमध्ये पडली होती, केवढे हसलो होतो. आम्ही सगळे व्हिडिओ काढत होतो. आता तुमचं वाचून तो व्हिडिओ परत बघितला. खालच्या माणसाचा चेहरा एकदाही नीट आलेला नाही त्यात.

शिवसागर
माझं गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाखाली आहे, आयडी त्यावरूनच. अस्वानला मोटरबोटीने न्युबियन गावात नेतात ना, निळी-पिवळी घरं, घरात हौदात मगरीचं पिल्लू, सगळे फोटो काढतात. आमचा वाटाड्या तिथलाच. म्हणाला, आमचं खरं गाव हे नाही, ते धरणात गेलं.

आदल्या दिवशी आम्ही अबू सिंबेल बघून आलो होतो. ती प्राचीन देवळं अस्वानच्या धरणात बुडू नयेत म्हणून १९६४ ते ६८ मध्ये कापून, तुकडे ६५ मीटर वर नेऊन परत जोडली. पन्नासेक देशांनी पैसे दिले. फार मोठं काम आहे, डोळ्यांत पाणी येतं बघताना. पण त्याच धरणापायी हजारो न्युबियन माणसं उठवली, त्यांच्यासाठी कोणी अशी वर्गणी काढली?

आमची आजी निघताना चूल सारवून निघाली होती. हे मी त्याला मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. तो काही बोलला नाही. आतून आणखी एक ग्लास करकडे आणून दिलं, त्याचे पैसे घेतले नाहीत.

सांजवात
करकडे म्हणजे आपली लाल अंबाडी ना? बोंडांचं सरबत? आमच्याकडे चटणी करतात.

शिवसागर
हो ताई, तीच. पहिल्या घोटालाच ओळखलं.

तारवटी
मी ९ वर्षं मोठ्या जहाजावर होतो, केबिन साफ करायला. मालवणचा आहे. पॅसेंजर उतरले की आमचं काम सुरू. दोन तास सुट्टी मिळालीच तर बंदराजवळ फुकट वायफाय शोधायचं आणि घरी फोन लावायचा. ग्रीसच्या सँटोरिनी बेटाला ११ वेळा गेलो, वर गावात एकदाही नाही. खालून पांढरी घरं बघितली. बायको विचारायची, कसं आहे हो तिथे? मी पॅसेंजरांचं बोलणं ऐकलेलं असायचं, तेच सांगायचो.

रानजाई
तारवटी भाऊ, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. वहिनींना एकदा घेऊन जा तिथे.

दूरदेशी
हैतीचं लाबादी. समुद्र इतका निळा की फोटो खोटे वाटतात. ते टोक क्रूझसाठी भाड्याने घेतलेलं, भोवती कुंपण. जेवणसुद्धा जहाजावरूनच उतरवायचे. आपण हैतीत आहोत हे आमच्या टेबलावरच्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं. ज्या देशाने १८०४ मध्ये गुलामगिरी झुगारून स्वातंत्र्य मिळवलं, त्याच्याकडून १८२५ मध्ये फ्रान्सने मान्यतेपोटी १५ कोटी फ्रँक मागितले! फेडण्यात पिढ्या गेल्या. मी तिथल्या बाजारात एक लाकडी वाडगा घेतला, विकणाऱ्या बाईंशी पाच मिनिटं बोलले. माझी हैती तेवढीच.

प्राजक्त
मध्येच विचारते, सॉरी. नाईलवर बोट हलते का? आईला मळमळतं.

लोकल_८_१२
अजिबात नाही. तरी आलेपाक न्या.

गुडघेदुखी
एवढं लांब कशाला, आपली घारापुरी घ्या. सव्वाशे पायऱ्या, म्हणून सासूबाईंसाठी डोली केली. उचलणाऱ्यांतला एक त्यांच्याच वयाचा. अर्ध्या वाटेत सासूबाई म्हणाल्या, थांबा, मला उतरवा, मी चालते. तो म्हणाला, "आई, तुम्ही उतरलात तर आमची मजुरी जाईल. बसा निवांत." त्या बसल्या, पण वर पोचेपर्यंत डोळे मिटून होत्या. त्यानेच सांगितलं की बेटावर वीज २०१८ मध्ये आली, समुद्राखालून केबल टाकून. तोवर रात्री समोर मुंबईचे दिवे बघायचे. (जेवायला वाढायचंय, नंतर येते.)

शेवंता
रानजाई, आमचा ग्रुप जानेवारीत नाईलला जातोय. एस्नाला तो माणूस कसा ओळखायचा सांगा, पैसे मी देईन.

रानजाई
शेवंता, वाचून रडूच आलं. डोक्याला चौकडीचा रुमाल होता, होडी निळी. तिथे निळ्या होड्या पुष्कळ असतील. किंमत निम्मी नको, त्याने पहिली सांगितलेली पूर्ण द्यायचीय. तुमचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.